खारपाणातली गढी : दरवाजाच्या दुरुस्तीच्या नोंदी

१८ ऑक्टोबर २०२३

आज मोजमाप. गाव अकोट तालुक्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यात, जिथलं जमिनीतलं पाणीच खारं. पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, टेकाडावर देशमुखांची गढी होती. तिच्यातला दरवाजा आणि त्याच्या डाव्या हाताचा बुरूज एवढंच आता उभं आहे. उजव्या बुरुजाचा ढिगारा झालाय, त्यावर एरंड माजलेत.

दरवाजाची उंची ५.४ मीटर. भिंत तळाशी दीड मीटर जाड. आत पांढऱ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना विटांचं कवच. वीट पातळ, २२ × १४ × ४ सेंटिमीटर. कमान टोकदार, गाळा (आतली रुंदी) २.७ मीटर. कमानीच्या माथ्याजवळच्या विटा तीन सेंटिमीटर खाली सरकल्यात. आत दोन देवड्या आहेत, पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा. त्यांत गावाचं वाचनालय करायचं देशमुखांच्या चारही भावांनी ठरवलं आहे. पैसे त्यांचे, देखरेख माझी. निवृत्त झाल्यावर फुकटात मिळणारा इंजिनियर म्हणजे मी.

तळापासून छातीपर्यंत सिमेंटचं प्लास्टर आहे. ते १९९४ साली मीच करून घेतलं होतं. तेव्हा खात्यात नवा होतो. देशमुखांच्या थोरल्यांनी "भिंतीला ओल येते, काही करता येईल का" म्हणून विचारलं आणि मी एकास चारचं सिमेंट-वाळूचं प्लास्टर सांगून मोकळा झालो. ओल दिसेनाशी झाली म्हणून मला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घातली होती. आज बघतो तर प्लास्टर ठणठणीत आहे. त्याच्या वरच्या काठापासून पुढे दोन-अडीच फूट विटांचा भुसा झालाय. बोट लावलं की पिठासारखी गळते.

कमानीवरच्या तीन भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या, तारीख घालून. भेग हलली की काच तडकते. काळ्या जमिनीची भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते. हालचाल कळल्याशिवाय भेगेत काही भरायचं नाही.

२१ ऑक्टोबर

प्लास्टर काढायला सुरुवात. आधी लाकडी ठोकणीने सगळी भिंत ठोकून घेतली. घट्ट जागी 'टक्' आवाज येतो, सुटलेल्या जागी मडक्यासारखा. पोकळ जागांवर खडूने रेघ मारली. रेघा जुळल्या तेव्हा जवळजवळ सगळं प्लास्टर पोकळच निघालं. फक्त काठांनी धरून बसलं होतं.

पण ते एकटं निघेना. सात घमेली प्लास्टर निघालं, त्याला चिकटून दोन घमेली वीट आली. सिमेंट विटेपेक्षा कडक, त्यामुळे सुटायची वेळ आली की सिमेंट सुटत नाही, विटेचा चेहरा सुटतो.

इथे काय घडलं ते लिहून ठेवतो, कारण देशमुखांचे धाकटे रोज विचारतात. जमिनीतलं खारं पाणी विटेच्या बारीक छिद्रांतून वर चढतं. उघड्या भिंतीत ते तळाशीच सुकून जातं आणि मीठ पृष्ठभागावर पांढरं उमटतं. केरसुणी मारली की गेलं. प्लास्टर लावलं की पाण्याला सुकायला जागा राहत नाही. मग ते प्लास्टरच्या मागून वर वर चढतं आणि जिथे प्लास्टर संपतं तिथे बाहेर पडतं. तिथे पाणी उडतं, मीठ विटेच्या छिद्रातच खडा धरतं. पावसाळ्यात विरघळतं, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत पुन्हा खडा. दर खेपेला छिद्राच्या भिंतीवर जोर. तीस वर्षांत विटेचा भुसा होतो.

म्हणजे ओल गेली नव्हती. मी ती फक्त वर ढकलली होती.

परांचीच्या जुन्या भोकांत पोपटांची बिऱ्हाडं आहेत. ती भोकं बुजवायची नाहीत असं देशमुखांकडच्या वहिनींनी बजावलंय. मला चालतं.

२७ ऑक्टोबर

बाळापूरहून चुन्याचे मिस्त्री आले. वय सत्तरीपुढे, सगळे चाचा म्हणतात, मीही तेच म्हणतो. बाळापूरचा माणूस विटेत वाढलेला असतो. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा तिथला किल्ला विटांचाच. औरंगजेबाच्या मुलाने, आझमशहाने तो सुरू केला आणि एलिचपूरच्या (आजच्या अचलपूरच्या) इस्माईल खानाने १७५७ मध्ये पुरा केला. त्याच्या तटाची वीटबांधणी बघितली की आपण शिकलो ते काय, असं वाटतं.

चाचांनी पिशवी खाली ठेवायच्या आधी भिंतीचा एक टवका काढला आणि जिभेला लावला. थुंकले. मग कमानीजवळच्या सांध्यातला जुना चुना काढून तोही चाखला.

"वरचा चुना गोड हाय सायेब. खालची वीट खारट. बांधनाऱ्यानं गोडं पानी वापरलं, मीठ मागून आलं."

मी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर घेऊन बसलो. भिंतीचा भुगा १०० ग्रॅम, आरओचं पाणी एक लिटर, रात्रभर भिजवून गाळून घ्यायचं. आरओचं पाणी नुसतं ४० दाखवतं. भुसा झालेल्या पट्ट्यातली वीट : १,९०० पीपीएम, म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम. त्याच जागी २० सेंटिमीटर आत : ३४०. कमानीजवळचा जुना चुना : १६०. चाचांची जीभ बरोबर होती. फक्त ती आकडा सांगत नाही, आणि मला आकड्याशिवाय झोप येत नाही.

२ नोव्हेंबर

वणीकडच्या भट्टीची चुन्याची कळी, म्हणजे न विझवलेला चुना, आली, ६०० किलो. गोणी उघडून खडे बघितले. हवेत विरलेली कळी हाताला भुकटी लागते. ही खणखणीत होती. देवडीमागे दोन हौद खणून, विटांनी बांधून ठेवले होते. कळी टाकली, पाणी सोडलं. पाच मिनिटांत उकळी. वाफ एवढी की पलीकडचा माणूस दिसेना. पोरांना दोरीबाहेर उभं केलं. गॉगल आणि खोबरेल तेल जवळ ठेवलं.

१०० किलो कळी विझायला हिशेबाने ३२ लिटर पाणी पुरतं. पण लोण्यासारखा चुना धरायचा तर तिप्पट वजनाचं पाणी लागतं. आम्ही १,८०० लिटर घातलं. गाळून हौदात सोडला, वर बोटभर पाणी राहील असं बघितलं. आता महिनाभर मुरू द्यायचा. जितका मुरेल तितका थापीला लागेल.

पाणी सोडताना चाचांनी विचारलं, "पानी कोठचं हाय?" बोअरचं, म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की एवढ्या उकळीत काय राहणार आहे, बांधकामाला गोडं पाणी वापरू. ते काही बोलले नाहीत.

८ नोव्हेंबर

विटांचा दिवस. हिशेबाने साडेसहा हजार लागतील. पडलेल्या बुरुजाच्या ढिगाऱ्यातून चांगल्या २,६०० निघाल्या. पारसच्या वीज केंद्राच्या राखेच्या विटा स्वस्त आणि दारात पोचत्या मिळतात, पण त्या यंत्रात दाबलेल्या. त्यांचं पाणी पिणं वेगळं. मऊ विटांच्या शेजारी कडक वीट बसवली की पुन्हा १९९४.

दोन भट्टीवाल्यांनी चार सेंटिमीटरची वीट पाडायला नकार दिला. वाळताना वाकते, मजुरी तेवढीच, माल अर्धा, त्यांचंही खरं. तिसरा तयार झाला, दीडपट भावात, चार हजार विटा. साचा सुताराकडून सागाचा करून दिला, सुकून-भाजून आटते म्हणून सगळीकडून दहावा हिस्सा मोठा. माती नदीकाठची गाळाची. काळी माती घालायची नाही हे दोनदा सांगितलं. काळी सुकताना तडकते.

उरलेल्या विटा गावातच आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. बुरूज पडला तेव्हा ज्याने त्याने नेल्या. कोणाच्या गोठ्यात, कोणाच्या न्हाणीत, एकाच्या तर चुलीखाली. सरपंचताईंनी दवंडीऐवजी व्हॉट्सॲपवर टाकलं. संध्याकाळी एक आजी चौदा विटा घमेल्यात घालून आल्या.

"दोन जुन्याले एक नवी देशान का?"

मी म्हटलं, आजी, या गढीच्याच आहेत.

"गढी आमच्या आज्यानं बांधली. मजुरी भेटली नोती त्याले."

एकाला एक दिली.

२७ नोव्हेंबर

काल रात्रीपासून अवकाळी. वेचायला आलेला कापूस झाडावर भिजला. गावात कोणाचं तोंड सरळ नाही. दरवाजावर ताडपत्री टाकली होती, तरी बुरुजाच्या डोक्यावरून पाणी आत उतरलं. तिथला मातीचा गाभा उघडा आहे. ताडपत्रीवर वाळूच्या पिशव्या वाढवल्या. काम बंद.

भिंतीवर चुन्याच्या मालाच्या नमुन्याच्या दोन पट्ट्या मागच्या आठवड्यात भरून झाल्या आहेत. एक नुसता चुना-सुरखी (विटेची भुकटी)-वाळू, एक भाग, एक भाग, दोन भाग. दुसरीत चाचांच्या रीतीने बेलफळाचं पाणी आणि गूळ. चुना मुरायला अजून वेळ होता, पण हात बसायला म्हणून थोडा काढला. दुसरीचा माल थापीवरून लोण्यासारखा उतरतो, यात वाद नाही. मला गुळावर शंका होती. शंकेचं उत्तर मुंग्यांनी दिलं : दुसऱ्या दिवशी पट्टीवर रांग. चाचा म्हणाले, "गूळ जास्त झाला, पोट्ट्यानं मुठीनं टाकला." आता गूळ वजन करून.

सुरखी मऊ भाजलेल्या विटांचीच. जळकी, काळपट, काचेसारखी झालेली वीट कुटून उपयोग नाही. तिची भुकटी चुन्याशी काहीच करत नाही, नुसती वाळू होते. कमी भाजलेल्या विटेची भुकटी मात्र चुन्याशी जुळते आणि ओलीतही घट्ट होते. पोरं लाल दिसेल ते कुटत होती. निवडून घेतलं.

४ डिसेंबर

दोन्ही पट्ट्यांवर पांढरी बुरशी आली आहे असं सकाळी पोराने फोनवर सांगितलं. बुरशी नाही. मीठ.

जागा मी मुद्दाम कमानीच्या वर निवडली होती, जिथे जुना चुना १६० दाखवतो. खालून मीठ तिथे पोचत नाही. विटा भिजवायला, वाळू धुवायला, वर शिंपडायला नळाचं पाणी होतं. राहिला हौद.

बोअरच्या पाण्याचं टीडीएस : ३,१००. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात ५०० बरं, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत. इथे लिटरला ३.१ ग्रॅम. गुणिले १,८०० लिटर. साडेपाच किलो मीठ मी माझ्या हाताने चुन्यात कालवलं आहे. उकळीत पाणी उडतं. मीठ उडत नाही, हे शाळेतल्या पोराला कळतं.

चाचांना सांगितलं. ते विडी पेटवत म्हणाले, "मले मालूम होतं. तुमी सायेब हात." मला राग आला, त्यांचा आणि माझा. मग ठरवलं : यापुढे चाचांनी प्रश्न विचारला की उत्तर यायच्या आधी काम पुढे जाणार नाही. हे मजुरांसमोर सांगितलं, नाहीतर त्याला अर्थ नव्हता.

दोन्ही हौद रिकामे. चुना गावात गोठ्यांना, झाडांच्या बुंध्यांना लावायला वाटला. कळीचे आणि वाहतुकीचे पैसे माझ्या खिशातून. देशमुख नको म्हणत होते. धाकट्यांना म्हटलं, १९९४ चे तर मी मागितलेलेच नाहीत.

५ डिसेंबर

पाण्याचा बंदोबस्त. वान धरणाच्या योजनेचं गोडं पाणी गावात आठवड्याने येतं, त्यातून बांधकामाला मागायचं म्हणजे घागरीवर हात ठेवायचा. सरपंचताईंनी मार्ग काढला. पाणी सुटायच्या दिवशी शेवटच्या अर्ध्या तासात, सगळ्यांचं भरून झाल्यावर, गढीची पाच हजार लिटरची टाकी. शिवाय तेल्हाऱ्याकडून महिन्याला एक टँकर. टाकीवर लाल रंगात 'गोडं' लिहिलं. बोअरच्या नळाला कुलूप, किल्ली चाचांकडे.

नवी कळी ४०० किलो मागवली.

१६ डिसेंबर

आजचा शोध सगळ्यात महत्त्वाचा, आणि लागला तो गटार खणताना.

मजूर नाहीत. वेचणीला किलोमागे पैसे आहेत, बाया सगळ्या कापसात. त्यांना अडवायचा आपल्याला काय अधिकार. दोन पोरं घेऊन भिंतीच्या पायाशी चर काढत होतो, पावसाचं पाणी दूर न्यायला. ४५ सेंटिमीटर खाली कुदळ खण्णकन वाजली. काळा घडीव दगड. साफ करत गेलो तर दोन थरांचं जोतं, दरवाजाच्या दोन्ही अंगांना सलग, सांध्यात शिसं भरावं तसा बारीक चुना.

बांधणाऱ्याने वीट जमिनीला लावलीच नव्हती. दीड फूट काळा दगड, मग वीट. काळ्या दगडातून पाणी चढत नाही, म्हणून वीट कोरडी. वेशीतला रस्ता माझ्या डोळ्यांदेखत तीनदा झाला. एकदा मुरूम, दोनदा काँक्रीट, दर वेळी जुन्यावरच नवा. जमीन वर आली, दगड गाडला गेला आणि विटा खाऱ्या मातीत उभ्या राहिल्या. १९९४ मध्ये मला ओल दिसली होती. ती कुठून येते ते बघायला मी एक कुदळ मारली नव्हती.

आता दुरुस्तीचा क्रमच उलटा. आधी माती उतरवायची, जोतं उघडं करायचं, रस्त्याकडून येणाऱ्या पाण्याला दगडी नाली. वीट त्यानंतर. रस्ता फोडता येणार नाही; दरवाजाच्या आतबाहेर दोन-दोन मीटरवर उतार काढून पायऱ्या कराव्या लागतील. बैलगाडीला अडचण होईल म्हणून ग्रामपंचायतीत दोन तास वाद. शेवटी मधोमध गाडीवाटेला उतार, कडेला उघडी नाली, असं ठरलं.

२२ डिसेंबर

भिंतीतलं मीठ खेचायला कागदाचा लगदा. गावातली रद्दी, मुलतानी माती, बारीक वाळू आणि गोडं पाणी. दोन सेंटिमीटर जाड थर ओल्या भिंतीवर थापायचा. सुकताना तो भिंतीतलं खारं पाणी स्वतःत ओढतो. कडक सुकला की आपोआप पापडासारखा सुटतो. तो गावाबाहेर टाकायचा, पायाशी नाही. पोरं पायाशीच टाकत होती.

शाळेतली मुलं रद्दी फाडायला आली होती. निम्मा वेळ जुन्या बातम्या वाचण्यात गेला.

१७ जानेवारी २०२४

संक्रांतीनंतर काम पुन्हा जोरात. लगद्याची दुसरी खेप काढली. १०० ग्रॅम लगदा लिटरभर आरओत : पहिल्या खेपेचा २,४००, दुसऱ्याचा १,१५०. तिसरी लावली.

भट्टीच्या विटा आल्या. पाच विटा चोवीस तास बुडवून वजन केलं. मानकात वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी चालतं. जुनी वीट १७ ते १९ पिते, या २१ ते २३. एकमेकींवर आपटल्या तर आवाज बद. परत पाठवल्या. भट्टीवाला तणतणला, पण भट्टीच्या मधल्या थरातल्या निवडून दिल्या. त्या १८ ला बसल्या. दोनशे कमी मिळाल्या. आजींच्या वाटेकडे डोळे लावून आहोत.

३० जानेवारी

लगद्याची तिसरी खेप ५२०. थांबलो. मीठ शून्य होणार नाही, खारपाणात तर नाहीच.

डाव्या पाखाची, म्हणजे कमानीच्या डाव्या अंगाच्या भिंतीची, बांधणी सुरू. भुसा झालेली वीट छन्नीने अर्धी वीट खोल काढायची, एका वेळी हातभर रुंदच. त्याहून जास्त उघडलं की वरचं खाली येतं. नवी वीट तासभर बुडवून ठेवलेली, बुडबुडे थांबेपर्यंत. कोरडी वीट चुन्याचं पाणी पिऊन टाकते, मग चुना भुसभुशीत. दर पाचव्या थराला एक वीट लांबीने आत, मातीच्या गाभ्यात घुसवलेली, नाहीतर कवच पोटासारखं सुटतं. दिवसाला चार थर, त्यावर नाही. चुन्याला घाई चालत नाही, आणि मला आयुष्यभर घाईचीच सवय.

ओळंबा मी धरतो. चाचा डोळ्याने सांगतात, मी दोरीने तपासतो. आतापर्यंत फरक जास्तीत जास्त तीन मिलिमीटर.

१३ फेब्रुवारी

कमान. हिच्यासाठी गावातले रिकामे आणि कामाचे, दोन्ही प्रकारचे लोक जमले होते.

ऑक्टोबरात लावलेल्या काचेच्या तीन पट्ट्यांपैकी दोन शाबूत. तिसरी, माथ्याजवळची, डिसेंबरात तडकली. चर काढला त्या आठवड्यात. माझं पोट गोळा झालं होतं. त्यानंतर नवी पट्टी लावली, ती आजवर धड आहे. जमीन बसली आणि थांबली असं धरून पुढे निघालो.

खालून विटा-मातीचं भरीव सेंटरिंग, म्हणजे कमानीला तात्पुरता आधार, माथ्यावर लाकडी पाचरी. सरकलेल्या अकरा विटा मधून सुरू करून एकेक सैल केल्या. जुना चुना ब्रशने आणि फुंकरीने साफ. पाणी मारायचं नाही, गाभ्यात जातं. प्रत्येक विटेवर खडूने आकडा. त्यातल्या दोन तुटलेल्या, नऊ धड. पाचरी हळूहळू ठोकत कमान अडीच सेंटिमीटर वर आली. उरलेला अर्धा मी सोडून द्यायला लावला. चाचांना पुरती हवी होती. त्यांचं म्हणणं आकाराचं, माझं म्हणणं वरच्या भिंतीचं : ती आता या आकाराला सरावली आहे, जास्त ढकलली तर नवीन जागी फुटेल. या वेळी माझं ऐकलं.

चावीची, म्हणजे कमानीच्या माथ्याची शेवटची, वीट चाचांनी स्वतः तासली. गूळ-बेलाचा माल, पातळ. विटेच्या दोन्ही अंगांना लावून वरून लाकडी मोगरीने तीन ठोके. चौथा मारला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "आवाज बदलला ना."

२५ मार्च

धुळवड. काम बंद, नव्या बांधणीवरची बारदानं भिजवायला मात्र मी आणि एक पोरगा. तापमान चढायला लागलंय. चुना सावकाश सुकला तरच हवेतल्या वायूने दगड होतो. झटकन सुकला तर नुसती पांढरी माती. दिवसातून चार वेळा भिजवणं. गोड्या टाकीचं निम्मं पाणी यातच जातं. कोणीतरी भिंतीवर गुलाबी हात उमटवलेत. ओल्या चुन्यात रंग बसला, निघणार नाही.

२ एप्रिल

कमानीला ४९ दिवस झाले. पाचरी आज सकाळी पाव-पाव फेरा सैल केल्या, दुपारी पुन्हा, संध्याकाळी काढल्या. माथा २ मिलिमीटर बसला आणि थांबला. सेंटरिंगच्या विटा उद्या. गर्दी नव्हती, सगळे हरभऱ्याच्या मळणीत. बरं झालं.

बुरुजाच्या डोक्यावर चुना-सुरखीचा उताराचा थर पुरा करून हंगाम संपवला. उजव्या पाखाच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरायचं अर्धं काम राहिलं. उन्हात ते करायचं नाही. दिवाळीनंतर.

२३ मे

अकोल्यात ४५ अंश. सावलीतसुद्धा वीट हाताला चटका देते. कमानीवर केसाएवढी एक भेग, जुन्याच जागी. काचेची पट्टी धड. चुन्यातली अशी भेग पावसाचं पाणी स्वतःच बुजवतं, थोडा चुना विरघळून पुन्हा धरतो. तरी फोटो काढून ठेवला.

८ जुलै

पहिला मोठा पाऊस. छत्री घेऊन दोन तास नालीजवळ उभा होतो. घरच्यांनी फोन करून विचारलं, ठीक आहात ना. पाणी रस्त्याकडून येऊन नालीत पडतं आणि विहिरीकडे वळतं. जोत्याच्या दगडाला पाणी लागतं, विटेला नाही. एका ठिकाणी नालीत प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या, तिथे जोत्याच्या वरपर्यंत तुंबलं. पिशव्या काढल्या. शनिवारचा बाजार आहे तोवर त्या येतच राहणार. जाळी लावून घ्यावी लागेल.

३ सप्टेंबर

काल पोळा. बऱ्याच वर्षांनी बैलं या दरवाजातून नेली. उताराची गाडीवाट त्यांना चालली, वाद करणारेच पुढे होते. एका जोडीने उजव्या पाखाला मान घासली आणि जुन्या दर्जा हातभर उकरल्या. तसंही ते काम बाकीच होतं.

आज वाचनं घेतली. भुसा झालेल्या जुन्या पट्ट्याच्या जागी नवी वीट : ३१०. जोत्यालगतचा पहिला थर : ६८०. तिथे वीतभर उंचीवर पांढरं उमटलंय, पावसाळ्याच्या उघडिपीत. पोरगा बादली घेऊन धुवायला निघाला होता, त्याला थांबवलं. कोरड्या ब्रशने झाडून, सुपलीत धरून, गावाबाहेर. पाण्याने धुतलं की मीठ पुन्हा आत.

चाचांना फोन केला, उजव्या पाखासाठी नोव्हेंबरात याल का. येतो म्हणाले. कळी किती मागवायची ते बोललो, २०० किलो. मग त्यांनीच विचारलं, टाकी भरलेली आहे का. बघून सांगतो म्हणालो, आणि फोन चालू ठेवूनच टाकीवर चढलो. अर्धी.